खापरीतले जिवाणू मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचगंगेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की जयंती आणि दुधाळी नाल्यांकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. स्वतःच्या अपार्टमेंटमागच्या सांडपाण्याच्या टाकीत कोणी वाकून बघत नाही. मीही बघत नव्हतो.

आमच्या टाकीत सच्छिद्र सिरॅमिकचे गोळे आहेत, दिसायला भाजक्या मातीचे आवळे. माझी हयात फौंड्रीत गेली. तिथे वितळलेले लोखंड ओतताना वाटेत सिरॅमिकची जाळीदार वडी ठेवतात, स्लॅग म्हणजे लोखंडातली मळी तिच्यात अडकते. हे गोळेही तसलीच गाळणी असणार, असे मी धरून चाललो. देखभालीला येणाऱ्या माणसाचाही तोच समज. गोळे बुळबुळीत झाले म्हणून त्याने ते उपसून ब्लीचिंग पावडरने खसाखसा धुतले. मी वर उभा राहून 'झकास' म्हणालो. चार दिवसांत जिन्यात उभे राहवेना, इतका वास!

ती बुळबुळ म्हणजे जिवाणूंचा थर, आणि तीच खरी यंत्रणा होती. पिण्याच्या पाण्याच्या मातीच्या फिल्टरमध्ये भाताचे तूस मिसळून भाजतात; तूस जळते आणि इतकी बारीक छिद्रे राहतात की बहुतेक जिवाणू अडतात. मैलापाण्यात तो फिल्टर लगेच तुंबेल. इथे जिवाणू अडवायचे नसतात, सांभाळायचे असतात. गोळ्याच्या बाहेरच्या थराला हवा मिळते, तिथले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. आतल्या छिद्रांत ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथले दुसरे जिवाणू नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन हवेत सोडून देतात. हे न होता पाणी पुढे गेले की केंदाळाला खत मिळते. रंकाळ्याकाठच्या माणसाला ते वेगळे सांगायला नको.

जिवाणू परत यावेत म्हणून दुसऱ्या चालू सांडपाणी प्रकल्पातला गाळ आणून टाकला, म्हशीच्या शेणाचा कालाही ओतला (त्याला कोल्हापुरात तोटा नाही). वास आठवड्यात गेला, पण अमोनिया खाली यायला दीड महिना लागला, कारण ते जिवाणू फार सावकाश वाढतात. वीजबिलासाठी रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवायचा आमच्या कमिटीचा ठराव होता, तोही गुपचूप मागे घेतला.

महापालिकेने प्रकल्प बसवल्याचा दाखला बघून थांबू नये, चालवणाऱ्यालाही दोन दिवस शिकवावे. प्रत्येक टाकीवर मराठीत पाटी हवी: गोळे त्याच टाकीच्या पाण्याने हलके विसळा, क्लोरीन फक्त शेवटच्या टाकीत.

आणखी एक. आमचे गोळे परगावाहून आले. बापट कॅम्पात, शाहूपुरीत पिढ्यान्‌पिढ्या मातीत हात असलेले कुंभार असताना? पाण्यात न विरघळणारा, न चुरणारा गोळा भाजणे सोपे नाही, हे मान्य. पण शिवाजी विद्यापीठाने त्यांच्यासोबत एक भट्टी लावून बघावी. चाचणीला आमची टाकी द्यायला कमिटीला मी राजी करतो.

– एक निवृत्त मोल्डर, कोल्हापूर