रविवारच्या बैठकीची आठवण : सवानीचा १८९९चा संघ

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी ११ वाजता नेहमीच्या ठिकाणी बसायचं आहे. या वेळचा विषय टेनेसीच्या डोंगरावरच्या 'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ'चा, म्हणजे सवानीचा अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठ अगदी छोटं. पण १८९९ साली त्यांनी बारापैकी बारा सामने जिंकले आणि एकूण ३२२ गुण करून फक्त १० दिले. ते १० एकट्या ऑबर्न विद्यापीठाच्या संघाचे.

खरी मजा नोव्हेंबरमधल्या दौऱ्यात आहे. ९ ते १४ तारखेत आगगाडीने फिरत टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टुलेन, एलएसयू आणि मिसिसिपी अशा पाच संघांना हरवलं. मध्ये रविवारची तेवढी सुट्टी. पाचांपैकी एकालाही गुण मिळाला नाही! दौरा आखणारा व्यवस्थापक ल्यूक ली पुढे सिनेटर झाला. १९१९मध्ये जर्मनीच्या माजी सम्राटाला, कैसरला, पळवून आणायला निघाला होता, तो हाच. (त्यावर बोलू लागलो तर बैठक संपायची नाही, म्हणून चहाच्या वेळी.)

पुढची गोष्ट कडू आहे. १९३२मध्ये एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे दक्षिणेकडच्या विद्यापीठांचा क्रीडासंघ) स्थापन करणाऱ्यांत सवानी होतं, पण तिथला एकही सामना न जिंकता १९४०मध्ये बाहेर पडलं. माझ्या मते शहाणपणाच केला. सवानीत आजही फुटबॉल आहे, पण खेळाची शिष्यवृत्ती न देता.

येताना एक गोष्ट वाचून या : तेव्हा टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला) पाचच गुण होते, नाहीतर धावफलक कळणार नाहीत. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या मोजक्याच आहेत.