बाबा, तारीख घ्यायच्या आधी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, प्रोस्टेटचा (मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर निघाल्यावर तुम्ही फोनवर म्हणालात, "काढूनच टाकू एकदाचं." आई, तूही मागून म्हणालीस की लवकरची तारीख घ्या. तेव्हा रिपोर्ट मी पाहिले नव्हते. आता सगळे नीट वाचले, म्हणून लिहितोय.

कॅन्सर म्हटल्यावर उद्याच्या उद्या काहीतरी करावंसं वाटणारच. पण बाबांचा ग्लीसन स्कोअर, म्हणजे बायोप्सीत पेशी किती आक्रमक दिसल्या त्याचा आकडा, ३+४ म्हणजे ७ आहे. हा स्कोअर ६ ते १० असा देतात. १० म्हणजे सगळ्यात आक्रमक. पहिला आकडा जास्त प्रमाणात दिसलेल्या पेशींचा असतो, त्यामुळे बेरीज तीच असली तरी ३+४ हे ४+३ पेक्षा सौम्य. एमआरआयप्रमाणे गाठ प्रोस्टेटच्या आतच आहे. अशा वेळी विचार करायला काही आठवडे हाताशी असतात. ऑपरेशन ठरलं तरी बायोप्सीची सूज उतरावी म्हणून सर्जन बहुधा थोडं थांबतातच.

ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा अभ्यास झाला. १,६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसती देखरेख. १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तिन्ही गटांत या कॅन्सरने मृत्यू झालेले शंभरात साधारण तीनच. मात्र आजार शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण देखरेखीच्या गटात जवळजवळ दुप्पट होतं, शंभरात नऊ. बाकीच्या दोन गटांत पाचच्या आसपास. आणि देखरेखीतल्या निम्म्याहून जास्त जणांनी पुढे कधीतरी उपचार घेतलेच. अभ्यासातल्या बहुतेकांचा स्कोअर ६ होता, म्हणून ते आकडे बाबांना जसेच्या तसे लावू नयेत. पण पर्याय एकच आहे असं समजू नका, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता जे बोलायला अवघड आहे ते. मुलाने हे लिहावं का, यावर मी बराच विचार केला. पण आपल्या घरात हा विषय दुसरं कोणी काढणार नाही. ऑपरेशननंतर सुरुवातीला लघवीवर ताबा राहत नाही, पॅड वापरावे लागतात. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, काहींचं पूर्ण सुधारत नाही. प्रोस्टेटला चिकटून जाणाऱ्या नसांना धक्का लागला तर लैंगिक क्षमता कमी होते किंवा जाते. रेडिएशनमध्ये लैंगिक त्रास सावकाश येतो, शिवाय शौचाच्या तक्रारी, कधी रक्त पडणं. सोबत पुरुषी हॉर्मोन दाबणारी इंजेक्शनं दिली तर अंगातून वाफा येतात, थकवा येतो, हाडं ठिसूळ होतात, मन उदास राहू शकतं. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, म्हणून या इंजेक्शनांबद्दल हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचाराच. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचंही सर्जनना सांगा.

यातलं काय सोसायचं आणि काय नको, हे कोणताही डॉक्टर ठरवू शकत नाही, मीही नाही. ते तुम्हा दोघांचं आयुष्य आहे. म्हणून आई, तू बाहेर बाकावर बसू नकोस. आत जा. तुला जे विचारायचंय ते तूच विचार.

सर्जन ऑपरेशनकडे झुकतात, रेडिएशनवाले रेडिएशनकडे. जो तो आपल्या विद्येवर विश्वास ठेवणारच. म्हणून दोघांनाही भेटा. सर्जनना सरळ विचारा: तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? तुमच्या किती पेशंटना वर्षभरानंतरही पॅड लागतो? चांगला डॉक्टर यावर रागावत नाही. "रेडिएशननंतर ऑपरेशन अवघड, उलटं मात्र जमतं" असंही सांगतील. ते खरं आहे, पण तेवढ्या एका कारणावर निर्णय घेऊ नका.

बायोप्सीच्या स्लाइड मागून घ्या, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवू. एकाच स्लाइडला दोन तज्ज्ञ वेगळा स्कोअर देऊ शकतात. चार नंबरच्या पेशी किती टक्के आहेत हे आपल्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही, तेही विचारा. प्रमाण अगदी कमी असेल तर देखरेखीचा विचार व्हावा असं माझं मत आहे. देखरेख म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. ठरावीक काळाने पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी), एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायोप्सी. पण बाबा, दर पीएसएच्या आधी तुमची झोप उडणार असेल, तर उपचार घ्यायला तेही पुरेसं कारण आहे. मी वाद घालणार नाही.

आणखी एक. काकांना अजून सांगितलेलं नाही, ते सांगा. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार असला की धोका साधारण दुप्पट होतो. मीही माझ्या डॉक्टरांशी बोलणार आहे.

शनिवारी येतोय. रविवारी बसून प्रश्नांची यादी करू आणि दोन्ही डॉक्टरांच्या वेळा घेऊ. तोवर ऑपरेशनची तारीख पक्की करू नका.

तुमचा,
मुलगा