अप्पांची वही आणि तुझ्या लेकीचा अभ्यास

सोलापूर,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा ऑफिसात रिटर्न भरणाऱ्यांची गर्दी होती, धड बोलता आलं नाही. लेक बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, व्याख्या तोंडपाठ करते आणि दुसऱ्या दिवशी विसरते, हे ऐकून राहवेना. तिला जे सांगायचं ते फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहायला बसलो.

पूर्व भागातले आमचे चार माग तुला आठवत असतील. शाळा सुटली की आपण सुताच्या पोत्यांवर बसायचो आणि खडखडाटात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. ते माग अप्पा आणि त्यांचे एक स्नेही यांच्या भागीदारीत होते. एका व्यापाऱ्यानं चादरींचे पैसे थकवले, इतकं तुला ठाऊक आहे. पुढचं मी कधी बोललो नाही.

अप्पा जवळजवळ तीन वर्षं त्याच्या पेढीवर हेलपाटे घालत राहिले. असा वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मुदतीला महिना उरला तेव्हा ते वकिलांकडे गेले. वकिलांनी पहिलंच विचारलं, "फर्म नोंदवलेली आहे का?" नव्हती. 1932 च्या भागीदारी कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. पण त्याच कायद्याचं कलम 69 असं, की नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. बाहेरच्याला मात्र तिच्यावर लावता येतो! नोंदणीच्या अर्जाला सगळ्या भागीदारांच्या सह्या हव्यात, आणि स्नेही तोवर भिवंडीला गेलेले. सही येईस्तोवर मुदत टळली. त्या संध्याकाळी अप्पांनी वही उघडली आणि व्यापाऱ्याच्या खात्यावर आडवी रेघ ओढली. पेन्सिलीनं. शाईनं ओढायला त्यांचा हात झाला नाही.

"नोंदणी ऐच्छिक आहे" हे पुस्तकात एका ओळीत येतं आणि मुलं पुढे सरकतात. तिला तिथं थांबायला सांग. प्रत्येक संज्ञेपाशी तिनं एवढंच विचारावं: पैसे बुडाले तर कुणाचे?

भागीदारीत फर्मचं कर्ज फिटलं नाही तर भागीदाराचं घरदारही त्यात येतं, आणि सावकार सगळी रक्कम एकट्याकडून मागू शकतो. कंपनीत भागधारकाचं नुकसान शेअरच्या रकमेपुरतं. कंपनी ही कायद्याच्या लेखी वेगळी व्यक्ती, हे इंग्लंडमधल्या सॉलोमनच्या खटल्यात 1896 साली ठरलं. तिच्या पुस्तकात तो असेलच. पण बँकेत काय होतं तेही तिला कळू दे. छोट्या प्रायव्हेट लिमिटेडला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेते. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, वेगळं ठरलं नसेल तर, ऋणकोइतकीच. म्हणजे मर्यादित दायित्वाची भिंत त्या एका सहीनं ओलांडली जाते. हे दोन धडे वेगवेगळ्या प्रकरणांत असतात, तिनं ते शेजारी ठेवून वाचावेत.

वित्त विषयात माझा जीव खेळत्या भांडवलात, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशात आहे, कारण आमचं घर तिथंच अडलं. समज, सूत रोखीनं आणलं. रंगवणं, बीम भरणं (मागाच्या रुळावर उभं सूत गुंडाळणं), विणणं यात 20 दिवस, गोदामात 10, व्यापाऱ्याची उधारी 90. पैसा परत यायला 120 दिवस. रोजचा खर्च 5 हजार धरला तर 6 लाख रुपये कायम अडकलेले. सूतवाल्यानं उधारी दिली तर तेवढा भार हलका होतो. अप्पांच्या वहीत त्या वर्षीही नफा दिसतो. मागावरच्या कामगारांची मजुरी मात्र आईच्या पाटल्या मोडून दिली. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या पाटल्यांवरून शिकलो. घसारा तिला सोपा जाईल: मागाची किंमत दर वर्षी थोडी खर्चात टाकायची, त्या वर्षी रोकड हातची जात नाही.

आता दिवस थोडे बदललेत. 2006 च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात; उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. म्हणून मी येईल त्या मागवाल्याला आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्यायला लावतो. काही जण कंटाळतात, पण मी सोडत नाही.

मार्केटिंगमधल्या उत्पादन, किंमत, वितरण, प्रसिद्धी या चार गोष्टी ती पाठ करेलच. तिला ब्रँड आणि भौगोलिक मानांकन (ठरावीक ठिकाणच्याच मालाला लावता येणारं नाव) यांतला फरक विचार. ब्रँडचा ट्रेडमार्क, म्हणजे नोंदवलेलं नाव किंवा चिन्ह, सहसा एका मालकाचा असतो. 'सोलापुरी चादर' हे मानांकन मात्र एका दुकानाचं नाही, ते इथं विणणाऱ्या सगळ्यांचं आहे. बाहेर कुठं तरी विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली की नुकसान कुणा एकाचं होत नाही, म्हणून भांडायलाही कुणी एकटा पुढे येत नाही. हे मला फार लागतं.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला या, वहिनींनाही आण. शेंगाचटणी आणि कडक भाकरी तयार असेल. अप्पांची ती वही मी कपाटातून काढून ठेवली आहे, लेकीला दाखवायची आहे. रेघ पुसट झालीय, पण उजेडात धरली की दिसते.

तुझा,
बाकावरचा जोडीदार