सातबाऱ्यावरचा 'पोटखराबा' : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतून हे पत्र लिहिते आहे. आमच्या सामाईक सातबाऱ्यावर एकतीस नावे आहेत, त्यातली निम्मी माणसे मुंबईला. घराखालची भाताची खाचरे आणि थोडी कलमे सोडली, तर उरलेले सगळे क्षेत्र 'पोटखराबा, वर्ग अ' असे लागले आहे. म्हणजे लागवडीला अयोग्य. हा खराबा म्हणजे आमच्या वाडीच्या डोक्यावरचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचे उघडे पठार.

मागच्या वर्षी एका दलालाने आमच्या भावबंदांना एकेक करून फोन लावले. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "काकी, सातबाराच सांगतोय जमीन खराब आहे. ठेवताय कशाला?" मला त्याला गप्प करता आले नाही, कारण सरकारी कागद त्याच्या बाजूने बोलत होता. म्हणूनच हे पत्र पर्यावरण खात्याला न लिहिता आपल्याला लिहिते आहे. जमिनीची नोंद, बिगरशेती आणि चिरेखाणीचा (जांभ्याचे चिरे काढायच्या खाणीचा) परवाना या तिन्ही गोष्टी महसुलाच्या दारातूनच जातात.

साहेब, हा सडा खराब नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा दगड झाला. पुढे उष्ण हवेत आणि धो धो पावसात तो वरून कुजत गेला. पाण्याने त्यातली सिलिका वाहून नेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिले आणि तांबडा जांभा तयार झाला. जमिनीखाली असतो तोवर हा दगड हत्याराने कापता येतो, वारा लागला की घट्ट होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात तो पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिले. त्याने तो जिथे पाहिला, त्या केरळातल्या अंगाडिपुरमला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान मिळाला आहे. महाराष्ट्रात तो मान लोणारच्या सरोवराला आहे. कोकणातल्या सड्यांकडे अजून कोणी त्या नजरेने पाहिलेले नाही.

आम्हाला मात्र सडा कळतो तो पाण्यावरून. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मेमध्ये गावोगावी टँकर फिरतात. जांभ्याला भोके असतात. पावसाचे पाणी त्यातून आत मुरते, खालच्या चिकण मातीवर अडते आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. कोकणातल्या जुन्या वाड्या या पायथ्याला का वसल्या, ते वेगळे सांगायला नको. शेजारच्या वाडीच्या वर चिरेखाण सुरू झाली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तिथल्या विहिरीने तळ गाठला. खाण आता बंद आहे. खड्डा तसाच उघडा आहे, पावसाळ्यात तुडुंब भरतो आणि गुरे त्यात पडू नयेत म्हणून गुराख्यांना राखण करावी लागते.

मे महिन्यात सड्यावर पाय भाजतात. पण मृगाचा पाऊस पडला की आठवड्याभरात तोच कातळ हिरवा होतो. नावातच कोकण मिरवणारी पांढरी कोकण दीपकाडी तेव्हा फुलते. श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा पसरतो. या इवल्या झाडाच्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात आणि तेच त्याचे अन्न होते. कातळावर माती नाही, म्हणून त्याने ही युक्ती शोधली. आपण या मातीविना जमिनीला खराबा म्हणतो.

आणि मग सड्याच्या कातळावर कोरलेली जुनी चित्रे. आजी म्हणायची, "पांडवांनी एका रात्रीत काढलानी." आम्ही पोरे त्या रेषांवरून पावले टाकत चालायचो. कशेळीच्या सड्यावरचा कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे, आणि त्याच्या पोटात कितीतरी लहान प्राणी, मासे कोरले आहेत. देवाचे गोठणे येथे चित्राजवळ होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते. उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, रुंढे तळी, बारसू, सिंधुदुर्गातले कुडोपी, गोव्यातले फणसाईमळ ही सगळी ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. (बारसूचे नाव आपल्या कानावर दुसऱ्याच कारणाने, तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून आले असेल. त्या वादात मी इथे शिरत नाही.)

त्या यादीचा मला अभिमान आहे. पण माझी काळजी तिथूनच सुरू होते. चित्राभोवती कुंपण घातले की चित्र वाचले असे आपण समजतो. कुंपणाच्या पलीकडे जेसीबीने कातळ फोडला, खड्ड्यांत बाहेरून माती आणून टाकली, तर चित्र राहील आणि ते जिथे काढावेसे वाटले ती जागा जाईल. पाणी आणि फुले तर चित्राच्या चौकटीत बसतच नाहीत. जपायचा तो अख्खा सडा, पायथ्याच्या झऱ्यासकट.

असे करता येते. चेक देशात चेस्की राय नावाचा वालुकाश्मांच्या सुळक्यांचा मुलूख आहे. १९५५ साली तो संरक्षित भूप्रदेश झाला. तिथली गावे उठवली नाहीत, शेती थांबवली नाही. पुढे तो मुलूख युनेस्कोचे भूउद्यान (जिओपार्क) म्हणून मान्य झाला. भारतात असे एकही भूउद्यान अजून नाही. आपल्याकडेही वाट आहे. जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकते. आंबोलीचे हिरण्यकेशीचे ठिकाण २०२१ साली एका लहानशा माशासाठी तसे जाहीर झाले. एका माशासाठी जमले, तर सड्यासाठीही जमेल.

चिरेखाणीवर अनेकांची चूल पेटते, हे मी जाणते. माझे घरही चिऱ्याचेच आहे आणि वाडीतली कलमेही काही ठिकाणी कातळ फोडूनच लावलेली आहेत. सगळे बंद करा असे माझे म्हणणे नाही. कुठला सडा फोडायचा नाही, हे परवाना देण्याआधी ठरलेले असावे, एवढेच म्हणणे आहे.

त्यासाठी पहिले काम आपल्याच खात्यातले आहे. 'पोटखराबा' या एकाच शब्दात सडा कोंबू नका. त्याची 'सडा' म्हणून वेगळी नोंद करा. तलाठी आणि ग्रामसभा मिळून झरे, पाणथळी, गुरचरण आणि चित्रे असलेले सडे नकाशावर दाखवू शकतील, गावातल्या म्हाताऱ्यांना ती सगळी ठिकाणे तोंडपाठ आहेत. अशा सड्यावर खाणीचा किंवा बिगरशेतीचा अर्ज आला, तर तो ग्रामसभेपुढे आल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि बंद खाणींचे खड्डे बुजवायला लावा. आमच्या शेजारच्या वाडीच्या खड्ड्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल.

दलालाचा पुन्हा फोन आला होता. मी त्याला दिवाळीनंतर बोलू असे सांगितले आहे. भावबंदांपैकी सहाजण विकायला तयार आहेत, बाकीचे माझ्याकडे बघत आहेत.

आपली,
सड्याखालच्या वाडीतली एक खातेदार