मंत्रीसाहेब, मी कामाला जाते म्हणून नवऱ्याचे पैसे का बंद?

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी सोलापूरची, युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते. नवरा सेंटरिंगच्या कामावर वरून पडला, तेव्हापासून कमरेखाली काहीच हलत नाही. 85 टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आहे, आधार बँकेला लिंक आहे, फक्त संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पैसे नाहीत, कारण बायको कमावते.

या योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार, म्हणजे दिवसाला 137 रुपये, आणि त्यात अख्खं घर. माझा पगार महिना नऊ हजार. एक एजंट म्हणाला ताई कमी उत्पन्नाचा दाखला काढून देतो, टेन्शन घेऊ नका. आता पगार बँकेत येतो, पीएफ कापून येतो, तो लपवू कुठे? आणि का लपवू, चोरी केलीय का मी?

बरं, लाडकी बहीणला मर्यादा अडीच लाख. तिथे आमचं घर गरजू, मला 1500 येतात, नाही म्हणत नाही. पण त्याच रेशनकार्डावरचा, त्याच ताटात जेवणारा माणूस तुमच्या खात्याला गरजू वाटत नाही. ऑक्टोबर 2025 पासून निराधार योजनेत दिव्यांगांना महिना 2500 केले, चांगलं केलं, पण दारातच अडवलं तर आकडा वाढून आम्हाला काय.

काम सोडून घरी बस म्हणणारे पण आहेत. सोडलं तर 2500 मिळतील आणि नऊ हजार जातील, डायपर आणि कॅथेटर कशाने आणू? सकाळी त्याचं सगळं आवरायचं, अंग पुसायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायची, मग शिफ्ट, जेवणाच्या सुट्टीत पळत घरी, रात्री परत उठायचं कूस बदलायला, आणि मध्येच ताप आला की खाडा, खाड्याचा पगार कट. दिवसभर बाई ठेवली तर माझा पगार तिलाच द्यावा लागेल.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी केअरगिव्हर म्हणजे सांभाळणाऱ्याचा भत्ता लिहिलाय. केरळात आश्वासकिरणम योजनेत सांभाळणाऱ्याला महिना 600 रुपये ठरवलेत. थोडेच आहेत आणि ते रखडतात अशा तक्रारीही आहेत, पण निदान सांभाळणं हे काम आहे एवढं तरी तिथल्या सरकारने मानलं.

मर्यादा वाढवा असं सगळेच म्हणतात, मीही म्हणते. पण आमच्या अकाउंटंटने एक गोष्ट सांगितली ती तुम्हालाही सांगते. इन्कम टॅक्स भरणाऱ्याच्या घरी 80 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांग माणूस असेल तर जुन्या टॅक्स पद्धतीत त्याला 1 लाख 25 हजारांची वजावट मिळते, 1961 च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं कलम 80डीडी. म्हणजे ज्याची कमाई बरी आहे त्याच्या घरातला हा खर्च सरकारला दिसतो. माझा वर्षाचा पगार 1 लाख 8 हजार. तीच वजावट तुमच्या फॉर्ममध्ये द्या, माझं उत्पन्न शून्यावर येतं आणि नवरा खोट्या दाखल्याशिवाय पात्र ठरतो. यासाठी एक जीआर लागेल साहेब, तेवढा काढा.

आपली,
सोलापूरची एक मशीनवाली