शालूच्या तान्ह्या पोळ्याविषयी दिवाकरास

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय दिवाकर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीपासून मी तुला पत्र लिहिलेले नाही आणि फोनवरही आपण पाऊस आणि धानाचे भाव यांपलीकडे गेलो नाही, याची खंत मनात आहेच. आजचे पत्र तुझ्या बहिणीविषयी, शालूविषयी आहे. फोनवर हे सांगता आले नसते, कारण तुझ्या भावाच्या, नामाभाऊच्या तेरवीला बोडीच्या पाळीवर तू मला जसे मध्येच तोडले होतेस, तसेच याही वेळी तोडले असतेस. त्या दिवशी तू तुझ्या आईविषयी, काकूंविषयी जे बोललास ते आणि मी तुला जे उलट बोललो ते, दोन्ही मला शब्द न् शब्द आठवते. म्हणून एवढेच मागतो की हे पत्र एका बैठकीत शेवटपर्यंत वाच. माझी साखर आटोक्यात आहे, कमलचे गुडघे पावसाळ्यात दुखतात, बाकी घरी क्षेम आहे.

जुलैत रोवणी ऐन भरात असताना एक आजोबा आपल्या सात वर्षांच्या नातीला खांद्यावर घेऊन आमच्या रुग्णालयात आले. गावातली सगळी माणसे बांध्यांमध्ये होती, म्हणून ते एसटीच्या फाट्यापर्यंत तिला तसेच उचलून चालत आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले तिचे लाल कार्ड, सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार असलेल्यांना मिळते ते, त्यांनी आधी माझ्यापुढे ठेवले. ही मुलगी माझ्या ओळखीची आहे, कारण चार वर्षांपासून तिचे रक्त मीच तपासतो आणि तिचे हिमोग्लोबिन सहसा सातच्या खाली जात नाही. तीन-चार दिवस ताप येऊन तो उतरलाही होता, आणि ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त झाले होते. ती आजोबांच्या मांडीवर डोके टेकून बाकावर पडली होती आणि प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याची खळी आत ओढली जात होती. बोट टोचले तेव्हा रक्त पाणचट, गुलाबी आले. आकडा आला ३.२.

आमच्याकडे यंदा एक तरुण डॉक्टर बाई आल्या आहेत. त्यांनी पोट चाचपून पाहिले, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली नव्हती. डोळे पाहिले, ते नेहमीपेक्षा अधिक पिवळे नव्हते. सिकलसेलच्या मुलाचे रक्त एकाएकी उतरले की ते पानथरीत साठले असेल किंवा भराभर फुटत असेल, असे आपण धरून चालतो, आणि इथे दोन्हींची खूण नव्हती. त्या मला म्हणाल्या, "काका, रेटिक करून द्याल का?" दिवाकर, बावीस वर्षांच्या नोकरीत ही तपासणी मी बोटांवर मोजण्याइतक्या वेळा केली असेल, कारण ती कोणी मागत नाही. रक्ताचे दोन थेंब निळ्या रंगद्रव्यात मिसळून पंधरा मिनिटे ऊबेत ठेवायचे, काचेवर पातळ पसरायचे आणि तेलाचा थेंब टाकून मोठ्या भिंगाखाली बघायचे. हाडांतल्या मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींत निळी जाळी दिसते. सिकलसेलच्या मुलांचे रक्त सतत फुटत असते, म्हणून त्यांची मज्जा दुप्पट-चौपट राबत असते आणि त्यांच्या काचेवर शंभरात दहा-पंधरा पेशी तरी अशा जाळीच्या सापडतात. मी एक हजार पेशी मोजल्या. एकीतही जाळी नव्हती. रंग चढला नसेल असे वाटून मी शेजारच्या रुग्णाच्या रक्ताची काच करून पाहिली, तिच्यात जाळी व्यवस्थित दिसली. म्हणजे या मुलीच्या हाडांमध्ये रक्त तयार होणेच थांबले होते.

बाईंनी तिथेच निदान सांगितले आणि पुढे नागपूरला पाठवलेल्या नमुन्याने ते पक्के झाले. पार्व्होव्हायरस बी-१९ नावाचा एक अतिशय लहान विषाणू आहे. खोकल्या-शिंकेतून तो पसरतो आणि धडधाकट मुलाला झाला तर थोडा ताप येतो, मागून गालांवर थप्पड मारल्यासारखी लाली उमटते आणि मूल चार दिवसांत खेळायला लागते. पण हा विषाणू नेमका मज्जेतल्या, तांबड्या पेशी होऊ घातलेल्या पेशींतच शिरतो आणि त्यांचे काम सात ते दहा दिवस बंद पाडतो. तुझ्या-माझ्या तांबड्या पेशी १२० दिवस जगतात, तेव्हा दहा दिवसांचा खंड आपल्याला जाणवतही नाही. सिकलसेलच्या पेशी मात्र जेमतेम दहा ते वीस दिवस टिकतात. जुन्या फुटतच राहतात आणि नव्या येत नाहीत, म्हणून आठवड्याभरात अर्धे रक्त संपते. त्यातून ताप उतरल्यानंतर मूल पांढरे पडते, म्हणजे आईबापांना हायसे वाटते त्याच वेळी धोका वाढत असतो.

या विषाणूला मारणारे औषध अजून नाही आणि लसही नाही. एचआयव्ही असलेले किंवा मूत्रपिंड बदललेले रुग्ण स्वतः प्रतिपिंडे तयार करू शकत नाहीत, त्यांच्यात हा विषाणू महिनोन् महिने मुक्काम करतो. त्यांना दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे शिरेतून देतात आणि त्याने गुण येतो, हे १९८९ पासून माहीत आहे. सिकलसेलचे मूल मात्र प्रतिपिंडे स्वतःच तयार करते. त्याला फक्त त्या आठ-दहा दिवसांतून तारून न्यायचे असते, आणि त्यासाठी रक्त द्यावे लागते, तेही थोडे थोडे आणि सावकाश, कारण थकलेल्या हृदयावर एकदम भार टाकला तर ते बंद पडू शकते. १०८ ची गाडी आली आणि मुलीला जिल्ह्याला नेले. आमच्या एक सिस्टर पाच महिन्यांच्या गरोदर आहेत, त्यांना बाईंनी त्या खाटेजवळ फिरकू दिले नव्हते, कारण हा विषाणू पोटातल्या बाळाचेही रक्त असेच आटवू शकतो. नवव्या दिवशी तिकडच्या मित्राने फोन करून सांगितले की काचेवर जाळीच जाळी दिसते आहे. मी प्रयोगशाळेचे दार लावून घेतले आणि थोडा वेळ बसून राहिलो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते सांगतो. बाईंनी विचारले होते, घरात आणखी लाल कार्ड कोणाकडे आहे? चार वर्षांच्या धाकट्या भावाकडे होते. मुलीला जिल्ह्याला नेल्याच्या सहाव्या दिवशी मी आशाताईंना मोटारसायकलवर घेऊन त्यांच्या गावी गेलो. पोरगा अंगणात कोंबड्यांमागे पळत होता. आजी म्हणाली, याला काही झालेले नाही, उगाच सुई टोचू नका. हिमोग्लोबिन ७.१ निघाले, म्हणजे त्याच्या नेहमीइतकेच. मी रक्त घेऊन परत आलो, काच केली आणि भिंगाखाली पाहिली, तर तीही रिकामी होती. पळणाऱ्या, हसणाऱ्या मुलाची मज्जा बंद पडलेली होती आणि ते त्याच्या अंगावर कुठेच दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी आजीला हातापाया पडून आम्ही त्याला भरती केले, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा आकडा ४.६ झाला. त्याला वेळेत रक्त मिळाले. दोन्ही मुले आज घरी आहेत.

ती दुसरी काच पाहताना मला शालू दिसली, दिवाकर. हिंगूळ लावलेल्या शिंगांचा लाकडी नंदी दोरीने ओढत आमच्या ओट्यावर आलेली शालू.

१९८४ चा पोळा आठव. नामाभाऊला ताप येऊन तो पांढरा पडला आणि पोळ्याच्या तीन दिवस आधी काकूंनी त्याला बैलगाडीतून फाट्यावर आणि तिथून एसटीने नागपूरच्या मेडिकलला नेले. तू त्याआधीच मामाच्या गावी गेला होतास. (मामाचे बैल आपल्या गावच्या बैलांपेक्षा देखणे आहेत, असे तू सातवीपर्यंत सर्वांना सांगत होतास. पुढे मी ते बैल पाहिले आहेत आणि ते तसे नव्हते.) तू परत आलास तेव्हा शालू अंथरुणावर होती, काकू नागपूरला होत्या आणि तुझे बाबा भगताला आणायला गेले होते. दुसऱ्या संध्याकाळी शालू गेली. अकरा वर्षांच्या मुलाने जे समोर दिसले त्याचा अर्थ लावला, की दोन लेकरे आजारी असताना आईने मुलगा उचलला आणि मुलगी मागे ठेवली. एकेचाळीस वर्षे तू तोच अर्थ धरून आहेस. तेरवीच्या दिवशी तू तेच म्हणालास आणि मी तुला कृतघ्न म्हटले. माझ्याकडे तेव्हा पुरावा नव्हता, नुसता राग होता.

पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्याला, तू गावात नव्हतास आणि मी होतो. काकू नागपूरला जाऊन चार दिवस झाले होते. माझ्या आईने शालूच्या नंदीला ओवाळले आणि बोजारा म्हणून चार आणे दिले, तर शालू अडून बसली की माझ्या नंदीची दोन्ही शिंगे रंगवली आहेत, मला आठ आणे पाहिजेत. आईने हसत आठ आणे दिले. मग ती देवळापर्यंत नंदी ओढत धावत गेली आणि मी तिच्या मागे धावलो, मला ती सापडली नाही. आजारी मूल असे धावत नाही. काकू घरातून निघाल्या तेव्हा शालूला काहीही झालेले नव्हते. नामाभाऊकडून तिला लागण झाली असेल तर ती अंगात वाढत असेल, पण ते ओळखायला त्या घरात, त्या गावात, त्या तालुक्यात कोणाकडे काही साधन नव्हते. एका भावंडानंतर दुसरे साधारण आठ-दहा दिवसांनी पांढरे पडते. मी बोटांवर दिवस मोजले आहेत, ते जुळतात.

शालूचे रक्त कधी तपासले गेले नाही, तेव्हा हे सिद्ध करायला माझ्याकडे कागद नाही. नामाभाऊचा एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेलचा आजारच, निघाला, दोन्ही भावंडे एकाच महिन्यात तशीच पांढरी पडली आणि नामाभाऊला तसे पुन्हा कधीच झाले नाही, एवढे मात्र आपल्याला माहीत आहे. हा आजार आयुष्यात एकदाच होतो. बाईंनी मला आणखी सांगितले की हा विषाणू १९७५ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत यव्हॉन कोसार्ट यांना काविळीसाठी रक्ताचे नमुने तपासताना अवचित सापडला, नमुन्याचा क्रमांक १९ होता म्हणून त्याला ते नाव पडले, आणि सिकलसेलच्या मुलांचे रक्त यानेच थांबते हे लंडन आणि जमैकातल्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये छापले. त्यानंतर तीन वर्षांनी शालू गेली. ते साल ऐकल्यापासून मला नीट झोप नाही.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या टेबलावरची आहे. मी जुनी रजिस्टरे काढली. चारच्या खाली हिमोग्लोबिन असलेल्या लाल कार्डाच्या मुलांच्या नोंदी शोधल्या आणि एका ठिकाणी एकाच आडनावाची, एकाच गावाची दोन मुले अकरा दिवसांच्या अंतराने सापडली. दोन्ही नोंदी माझ्या अक्षरात आहेत. मी आकडा लिहिला, लाल शाईने खाली रेघ मारली आणि पुढचा नमुना घेतला. घरी आणखी कोण आहे, हे मी विचारले नाही. जुलै २०२३ मध्ये शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून गावोगाव तपासण्या होत आहेत, कार्डे मिळत आहेत, या आजाराचा त्रास कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या पोचत आहेत, आणि हे सर्व आपल्या लहानपणी असते तर काय झाले असते, असे वाटते. पण एक मूल पांढरे पडले तर दुसऱ्याचे रक्त त्याच आठवड्यात तपासा, हे आईबापांना कोणीतरी तोंडाने सांगावे लागते. आता आशाताई आणि मी प्रत्येक लाल कार्डाच्या घरी ते सांगत फिरतो आहोत. अठरा गावे झाली, बारा राहिली आहेत.

अदितीसाठी स्थळे पाहणे सुरू आहे असे कमल म्हणाली, आनंद वाटला. तिची सिकलसेलची तपासणी पुण्यातच करून घे, आणि आधी तुझी स्वतःची. तुझे आईवडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून आजार मुलांना देऊ शकणारे, असले पाहिजेत आणि तू धडधाकट आहेस, म्हणजे तू वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे. अदितीही वाहक निघाली तर मुलाकडच्यांनाही तपासणी करायला सांग, त्यात संकोच करू नकोस. तुझ्या बदलीचे काय झाले तेही लिही.

काकू आता एकट्याच असतात. मी दर रविवारी त्यांचा रक्तदाब पाहायला जातो. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला त्यांनी तो नंदी पेटीतून काढून ओट्यावर ठेवला होता, आणि कोणाच्याही मुलाने त्याला हात लावलेला त्यांना चालत नव्हता. मी तिथे तासभर बसलो आणि काही बोललो नाही, कारण हे त्यांना माझ्या तोंडून कळावे की तुझ्या, हे मला ठरवता आले नाही. त्यांनी तुझ्यासमोर कधी आपली बाजू मांडली नाही, पण मला एकदा विचारले होते की मी निघाले तेव्हा शालू खरेच बरी होती ना, की मलाच तसे वाटते.

दसऱ्याला येणे जमेल का ते कळव. जमत असेल तर मी थांबतो. जमत नसेल तर पुढच्या रविवारी मी त्यांना तान्ह्या पोळ्याच्या आठ आण्यांचे सांगणार आहे.

तुझा,
मधुकर