पकड टायरची, भिस्त चालकावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कच्च्या वाटांवरील मोटरसायकलस्वारीविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात इंजिनाची ताकद, सस्पेन्शन आणि टायरची नक्षी यांचीच चर्चा असते. चालकाने आपले वजन कुठे ठेवावे, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. अशा वाटांवर अनेक वर्षे गाडी चालवणारा वाचक म्हणून मला ही उणीव खटकते.

टायरला जमिनीवर मिळणारी पकड मर्यादित असते आणि वेग वाढवणे, ब्रेक लावणे व वळणे या तिन्ही कामांना ती वाटून पुरवावी लागते. डांबरी रस्त्यावर चूक बहुधा खपून जाते, सुट्या खडीवर खपत नाही. एका उतारावर मागचे चाक सरकताच मी घाबरून पुढचा ब्रेक एकदम आवळला आणि पुढचे चाक जागीच थांबून गाडीसह आडवा झालो. तोच ब्रेक दोन बोटांनी हळूहळू दाबत नेला असता, तर वजन आधी पुढच्या टायरवर येऊन त्याची पकड वाढली असती, हे मला बऱ्याच उशिरा उमगले.

उभे राहून गाडी चालवण्याबाबतही मोठा गैरसमज आहे. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवण्याच्या आडव्या दांड्यांवर, उभे राहिल्याने गुरुत्वमध्य खाली येतो असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक तो वर जातो. खरा लाभ असा की, शरीर गाडीपासून सुटे होते, गुडघे आणि घोटे धक्के पचवतात, आणि हँडल सैल हातांनी धरल्यास गाडी खडबडीत जमिनीवर आपला मार्ग आपणच शोधते. सपाट, निसरड्या वळणावर गाडी आत झुकवून शरीर सरळ ठेवले आणि बाहेरच्या फूटपेगवर भार दिला, तर टायर सरकले तरी सावरायला अवसर मिळतो.

चढावर मागचे चाक जागच्या जागी फिरू लागले की बहुतेक जण अधिक थ्रॉटल देतात, त्यामुळे चाक फक्त खड्डा खणते. तिथे थ्रॉटल किंचित कमी करून, अर्धवट दाबलेल्या क्लचने चाकापर्यंत पोहोचणारी ताकद मोजून द्यावी लागते. टायरमधील हवा थोडी कमी केल्यास टायर जमिनीवर अधिक पसरतो हे खरे, पण ती फार कमी केली तर दगडावर आपटून रिम वाकते किंवा ट्यूब चिमटून फाटते, आणि डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी ती पुन्हा भरावीच लागते.

यातले काहीही महाग नाही. मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने, उभे राहून इंग्रजी आठच्या आकाराचे फेरे घेतले, तर क्लच, नजर आणि वजन यांचा मेळ कोणत्याही गाडीवर बसवता येतो. आपल्या वृत्तपत्राने नव्या गाड्यांच्या परिचयासोबत या सरावालाही नियमित जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक